धाकटीचे पुढे काय झाले

श्रावणातल्या दुपारी आजी कहाण्यांचे पुस्तक मांडीवर घेऊन बसायची, पण त्यात पाहून वाचायची मात्र नाही. डोळे मिटलेले, मुठीत तांदळाचे दाणे आणि कहाणी तोंडपाठ. शेवटी ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ असे म्हणून ती दाणे देवापुढे वाहायची आणि मग आम्हा मुलांना उठायची मुभा मिळायची. ‘सुफळ’ म्हणजे काय ते तेव्हा कळत नव्हते, पण तो शब्द ऐकला की हरवलेले सापडले, रुसलेले परतले आणि ज्याचे त्याला मिळाले, एवढे नक्की कळायचे.

पुढे एम.ए.ला असताना शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ अभ्यासाला होते. रात्रीची जेवणे झाली की मी आजीच्या पायांना तेल चोळत बसत असे आणि त्या दिवशी वर्गात जेवढे झाले असेल तेवढे तिला सांगत असे. म्हाताऱ्या राजाने तीन मुलींना ‘तुमचे माझ्यावर किती प्रेम आहे’ असे विचारले आणि धाकटी म्हणाली, ‘काही नाही’, एवढे सांगताच आजी म्हणाली, ‘‘अगं, ही तर मिठाची गोष्ट!’’ तिच्या गोष्टीतली धाकटी बापाला सांगते की तुम्ही मला मिठासारखे आवडता. बाप चिडून तिला घालवून देतो, आणि कित्येक वर्षांनी तिच्याच घरी अळणी जेवणाचा घास तोंडात गेल्यावर त्याला आपली चूक उमगते. म्हणून लिअरची गोष्ट आजी पहिल्या रात्रीपासून अगदी निश्चिंत मनाने ऐकत होती. थोरल्या दोघींनी म्हाताऱ्याला वादळात बाहेर काढले तेव्हा तिला राग आला, राजाची बाजू घेणाऱ्या ग्लॉस्टर या सरदाराचे डोळे काढले तेव्हा तिने ‘शिव शिव’ म्हटले, पण भीती अशी तिला वाटली नाही. धाकटी फ्रान्सहून फौज घेऊन आली आहे, बापलेकींची भेट झाली आहे, आता फक्त अळणी घास तेवढा राहिला आहे, असा तिचा हिशेब होता.

तिसऱ्या रात्री मी तिला शेवट सांगितला. तुरुंगात धाकटीला, कॉर्डेलियाला, फास दिला जातो आणि तिचे कलेवर हातांवर घेऊन लिअर येतो, हे ऐकल्यावर आजीने पाय आखडून घेतले. ‘‘मेली? मग ही गोष्ट तू मला सांगितलीसच कशाला?’’ असे म्हणून तिने भिंतीकडे तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना मात्र ती शांतपणे म्हणाली, ‘‘मी रात्री विचार केला. तो निरोप्या वेळेवर पोचला. धाकटी वाचली.’’ मी तेव्हा अशा वयात होते की दुःखान्त म्हणजेच श्रेष्ठ असे मला वाटत होते. मी तिला शेक्सपिअर समजावून सांगायला निघाले, आणि ती म्हणाली, ‘‘तुझ्या पुस्तकात काहीही असू दे.’’ त्या सकाळी मी तिच्याशी ज्या सुरात वाद घातला त्याचे मला आजही वाईट वाटते, आणि ते वाईट वाटणे पुढच्या वाचनाने अधिकच वाढत गेले.

कारण पुढे वाचताना लक्षात आले की आजी अगदी त्याच जागी बसली होती, जिथे शेक्सपिअरचे पहिले प्रेक्षक बसले होते. लिअरची गोष्ट त्याने रचलेली नव्हती. बाराव्या शतकातल्या लॅटिन बखरीपासून ती इंग्लंडमध्ये सांगितली जात होती, आणि तिच्यात फ्रान्सच्या मदतीने म्हातारा राजा लढाई जिंकतो, गादीवर परत बसतो आणि राजा म्हणूनच मरतो. धाकटीच्या वाट्याला पुढे तुरुंग आणि आत्महत्या येते खरी, पण ती बापाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, वेगळ्याच भांडणात. शेक्सपिअरच्या आधी याच विषयावर एक नाटक लंडनच्या रंगभूमीवर येऊन गेले होते आणि ते १६०५ साली छापलेही गेले. त्यातही बापलेकी जिंकतात. त्यामुळे २६ डिसेंबर १६०६ रोजी, नाताळच्या सणात, राजा जेम्ससमोर व्हाइटहॉलच्या राजवाड्यात शेक्सपिअरचे नाटक झाले तेव्हा समोर बसलेल्यांपैकी ज्यांना गोष्ट ठाऊक होती ते अळणी घासाचीच वाट पाहत असणार. त्यांच्या हातून तो घास शेक्सपिअरने शेवटच्या क्षणी काढून घेतला.

आणि तोही एकदम नव्हे. हा भाग मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा त्याची रचना पाहून थक्क होते. लढाई हरली आहे, पण ग्लॉस्टरचा मुलगा एडगर याने आपला कपटी भाऊ एडमंड याला द्वंद्वात पाडले आहे, थोरल्या दोघी बहिणी मेल्या आहेत, म्हणजे दुष्टांचा निकाल लागला आहे. या साऱ्या धामधुमीत लिअर आणि कॉर्डेलिया कुठे आहेत याची आठवण राजाचा निष्ठावान सरदार केंट येऊन त्याची चौकशी करतो तेव्हा होते, आणि थोरलीचा नवरा ऑल्बनी म्हणतो की केवढी मोठी गोष्ट आपण विसरलो. मरता मरता एडमंडला काहीतरी चांगले करावेसे वाटते आणि तो सांगतो की त्या दोघांना मारण्याचा हुकूम मी दिला आहे, लवकर माणूस पाठवा. माणूस तलवार घेऊन धावतो. ऑल्बनी म्हणतो, ‘देव तिचे रक्षण करोत.’ आणि या प्रार्थनेपाठोपाठ लिअर आत येतो, मुलीला हातांवर घेऊन, आक्रोश करत. प्रार्थना आणि तिचे उत्तर यांच्यामध्ये, एडमंडला बाहेर नेण्याचा एक छोटा हुकूम सोडला तर, शेक्सपिअरने काहीच सवड ठेवलेली नाही. आजीचा निरोप्या खरोखरच निघालेला होता, तिने तो मनचा निर्माण केलेला नव्हता. त्याला फक्त उशीर झाला.

मग लिअर आरसा मागतो. तिच्या श्वासाने आरशावर वाफ धरली तर ती जिवंत आहे. मग तो एक पीस तिच्या ओठांशी धरतो आणि म्हणतो, पीस हलले, ती जिवंत आहे. आणि हे खरे असेल तर आजवर भोगलेल्या साऱ्या दुःखांची भरपाई झाली. भरपाई हा शब्द मी जाणून वापरते आहे, कारण संपूर्ण नाटक या एका पिसावर येऊन तोलले गेले आहे.

हे प्रेक्षकांना सोसवले नाही. १६८१ साली नेहम टेट नावाच्या कवीने ‘लिअर’ नव्याने लिहिले. त्याच्या नाटकात तुरुंगात म्हातारा लिअर मारेकऱ्यांपैकी दोघांना स्वतःच्या हाताने मारतो, तेवढ्यात एडगर आणि ऑल्बनी येऊन पोचतात, लिअरला राज्य परत मिळते आणि ते तो कॉर्डेलियाला देऊन तिचे एडगरशी लग्न लावतो. आंधळा ग्लॉस्टरही जगतो. लिअर त्याला म्हणतो की तू, केंट आणि मी, आपण तिघे एखाद्या शांत जागी जाऊन राहू आणि उरलेले दिवस चिंतनात घालवू. आपल्याकडच्या वाचकाला हे सरळ वानप्रस्थाश्रमासारखे वाटेल, आणि मला ते कल्पनेत अतिशय सुंदर वाटते हे मी मान्य करते. १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर परत आला होता, त्याच्या बापाचे मस्तक उडवलेले लोकांच्या आठवणीत होते, आणि राजा परत सिंहासनावर बसतो हे पाहण्यात त्या प्रेक्षकांना निव्वळ नाटकापलीकडचे काही मिळत असणार.

टेटचे हे ‘लिअर’ दीडशे वर्षे चालले. एखाददुसरा अपवाद सोडला तर इंग्लंडच्या रंगभूमीवर या काळात ज्याने ज्याने लिअर पाहिला त्याने कॉर्डेलियाला जगताना पाहिले. १७११ साली जोसेफ ॲडिसन या निबंधकाराने या बदलाविरुद्ध लिहिले, चांगल्यांचे चांगले आणि वाइटांचे वाईट हा न्याय नाटकाला लावला की नाटकाचे निम्मे सौंदर्य जाते असे त्याचे म्हणणे होते, पण प्रेक्षकांनी ते ऐकले नाही. आणि त्या शतकातला सर्वांत कठोर समीक्षक सॅम्युअल जॉन्सन याने तर १७६५ साली काढलेल्या आपल्या शेक्सपिअरच्या आवृत्तीत उघडपणे लिहिले की तरुणपणी कॉर्डेलियाच्या मृत्यूने मला एवढा धक्का बसला की संपादक म्हणून काम हाती घेईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचण्याचे धैर्य मला झाले की नाही हे मला सांगता येत नाही. इंग्रजी भाषेचा कोश एकट्याच्या बळावर रचणारा माणूस हे लिहितो. त्याने पाने मिटली, माझ्या आजीने भिंतीकडे तोंड फिरवले. जॉन्सनचे ते वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा आजी नव्हती, आणि ते तिला वाचून दाखवावे असे मला फार वाटले.

तरीही टेटच्या नाटकाला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण शेवट गोड आहे हे नव्हे. गोड शेवट आणण्यासाठी त्याला सुरुवात मोडावी लागली, हे ते कारण आहे. कॉर्डेलिया आणि एडगर यांचे लग्न लावायचे तर त्यांचे प्रेम आधीपासून हवे, म्हणून फ्रान्सचा राजा नाटकातून गेला. आणि मग पहिल्या प्रवेशात ती बापाला गोड बोलत नाही ती का? तर बापाने ठरवलेले बर्गंडीच्या सरदाराशी लग्न टळावे म्हणून. शेक्सपिअरच्या कॉर्डेलियाचे ते ‘काही नाही’ हे माझ्या दृष्टीने इंग्रजी नाटकातले सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे, कारण तिला प्रेम मोजून देता येत नाही आणि मोजून दिले तर राज्याचा तिसरा हिस्सा मिळणार आहे हे ठाऊक असूनही ती गप्प राहते. टेटने त्या मौनाला एक सोयीचे कारण दिले. जी मुलगी शेवटी जगली ती ती मुलगीच राहिली नाही. विदूषकही गेला. राजाला त्याची चूक तोंडावर सांगणारा, वादळात त्याच्यासोबत भिजणारा आणि नाटकाच्या मध्यावर मी दुपारी झोपायला जातो असे काहीतरी म्हणून कायमचा नाहीसा होणारा तो पोरगेला विदूषक टेटच्या राज्यात कुठे बसवणार? चांगल्यांच्या बाजूने असलेला आणि तरीही हरवून गेलेला माणूस सुखान्ताच्या हिशेबात धरता येत नाही.

तिसऱ्या जॉर्जला वेड लागले तेव्हा, त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत, लंडनमध्ये ‘लिअर’ कोणत्याच रूपात रंगमंचावर आले नाही. वेड्या राजाचे नाटक आणि वेडा राजा एकाच शहरात एकाच वेळी नको, हे समजण्यासारखे आहे. १८२० साली तो वारल्यावर नाटक परतले. १८२३ साली एडमंड कीन या नटाने मूळचा दुःखान्त करून पाहिला, पण काही प्रयोगांतच त्याला टेटकडे परत जावे लागले. अखेर २५ जानेवारी १८३८ रोजी कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर विल्यम मॅक्रीडी या नटाने शेक्सपिअरची संहिता, काटछाट करून का होईना, परत आणली. त्यात विदूषक होता आणि त्याचे काम प्रिसिला हॉर्टन या तरुण नटीने केले. विदूषक ठेवावा की नाही याची मॅक्रीडीला तालमीतही धास्ती वाटत होती. या नाजूक, घाबऱ्या पोराचे काम एखाद्या मुलीने करावे असे सुचवले गेले तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. दीडशे वर्षांनी त्या रात्री प्रेक्षकांनी विदूषक पाहिला आणि कॉर्डेलियाचे कलेवरही पाहिले. मला या दोन गोष्टी एका रंगमंचावर एकत्र परत आल्या याचे नवल वाटत नाही.

आपल्या रंगभूमीला हा शेवट स्वीकारायला एवढा काळ लागला नाही. विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ मराठीत आणला, आणि त्याआधी १९७० साली शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये लिअरची वेदना गणपतराव बेलवलकरांच्या रूपाने मराठी घराच्या माजघरात येऊन बसली. त्या नाटकात मला नेहमी एक गोष्ट जाणवते. तिथे परत येणारी धाकटी मुलगी नाही. कॉर्डेलियाची सारी माया कावेरीकडे, बेलवलकरांच्या ‘सरकार’कडे गेली आहे, आणि ती नाटक संपण्याच्या आधीच जाते. शिरवाडकरांनी पीस हलण्याची आशासुद्धा ठेवली नाही. भरतवाक्याने शेवट मंगल करण्याची इतकी जुनी सवय ज्या परंपरेत आहे, तिच्यातल्या प्रेक्षकांनी या नाटकाला जे प्रेम दिले ते पाहता दुःखान्त आपल्याला झेपत नाही असे कोणी म्हणू नये.

टेटच्या काळात आणखीही शेवट बदलले गेले. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची जेम्स हॉवर्ड नावाच्या लेखकाने अशी आवृत्ती केली होती की त्यात दोघेही जगत, आणि नाटक कंपनी एक दिवस जगण्याचा खेळ तर दुसऱ्या दिवशी मरण्याचा खेळ असे आलटून पालटून करत असे. ती संहिता आज उपलब्ध नाही. डेव्हिड गॅरिक या नटाने १७४८ साली दोघांना मारले खरे, पण ज्युलिएटला थोडी आधी जागी केले, म्हणजे रोमिओच्या अंगात विष भिनत असताना दोघांना एकमेकांशी चार शब्द बोलता यावेत. मूळ नाटकात ती जागी होते तेव्हा तो आधीच गेलेला असतो. गॅरिकची ही कळवळ मला टेटच्या सुखान्तापेक्षा जवळची वाटते. त्याने मरण टाळले नाही, निरोपापुरती सवड मागितली.

पण या सगळ्या वादात एक गोष्ट बाजूला पडते, आणि माझ्या मते खरे उत्तर तिथेच आहे. ज्या शेक्सपिअरने गोड शेवटाची गोष्ट घेऊन धाकटीला मारले, त्यानेच चार-पाच वर्षांनी नेमके उलटे केले. रॉबर्ट ग्रीनची ‘पँडोस्टो’ ही १५८८ साली छापलेली कादंबरिका होती. त्यात राजा आपल्या निर्दोष राणीवर संशय घेतो, मुलगा मरतो, त्या धक्क्याने राणी मरते ती मरतेच, टाकून दिलेली तान्ही मुलगी मोठी होऊन परत येते, आणि तिच्या लग्नानंतर राजा पश्चात्तापाने स्वतःचा जीव घेतो. ही गोष्ट घेऊन शेक्सपिअरने ‘द विंटर्स टेल’ लिहिले, आणि राणीला परत आणले.

कसे आणले ते जवळून पाहण्यासारखे आहे. राजा लिऑन्टीस सोळा वर्षे पश्चात्तापात जगला आहे. राणी हर्मायनी मेली असे त्याला सांगणारी पॉलिना त्याला आणि सापडलेल्या मुलीला, पर्डिटाला, आपल्या घरी घेऊन जाते आणि पडदा सारून राणीचा एक पुतळा दाखवते. राजा बराच वेळ पाहत राहतो आणि मग त्याला खटकते ते हे की हर्मायनीच्या चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या नव्हत्या, ती एवढी वयस्क नव्हती. पॉलिना सांगते की हेच तर मूर्तिकाराचे कौशल्य, त्याने सोळा वर्षे जाऊ दिली आणि ती आज जगली असती तर जशी दिसली असती तशी घडवली. मग ती सर्वांना आपला विश्वास जागा करायला सांगते, संगीत सुरू होते आणि पुतळा पायरीवरून खाली उतरतो. राजा हात धरतो आणि म्हणतो, ‘हिचा हात ऊन आहे.’ ही जादू असेल तर ती जेवण्याइतकीच रास्त ठरो, असे तो पुढे म्हणतो. जेवण हा शब्द तिथे वाचला की मला मिठाची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

हा सुखान्त मला टेटच्या सुखान्ताहून वेगळा वाटतो तो त्या सुरकुत्यांमुळे. सोळा वर्षे परत मिळालेली नाहीत. राणीवर आळ आला तेव्हा खंगून मेलेला लहानगा मॅमिलियस परत येत नाही. हिवाळ्यात दुःखाचीच गोष्ट बरी असे आईला सांगून जो गोष्ट सुरू करतो आणि ज्याला ती पूर्ण करता येत नाही, तो हा मुलगा. पॉलिनाचा नवरा अँटिगोनस, ज्याला अस्वलाने खाल्ले, तोही येत नाही. आणि हर्मायनी नवऱ्याला मिठी मारते, पण त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही. ती बोलते ते फक्त मुलीशी: तू कुठे होतीस, कशी जगलीस, आणि तू जिवंत असशील या आशेवर मी स्वतःला राखून ठेवले. नवऱ्यासाठी शब्द लिहायला शेक्सपिअरकडे जागा नव्हती असे नाही. ते मौन कॉर्डेलियाच्या मौनाइतकेच जाणून ठेवलेले आहे असे मी मानते. जे गेले ते गेलेच आहे हे न लपवता जेवढे परत येऊ शकते तेवढे परत आणणे, हा त्या प्रवेशाचा सच्चेपणा आहे, आणि टेटला नेमका तोच साधला नाही.

आपल्या वाचकाला इथे शाकुंतल आठवणारच. तिथेही टाकलेली बायको, न ओळखलेले अपत्य आणि वर्षांनंतरची भेट आहे. पण कालिदासाने दुर्वासाचा शाप आणून दुष्यंताच्या माथ्यावरचा दोष हलका केला, आणि सर्वदमन सिंहाच्या छाव्याचे दात मोजत जिवंत उभा आहे. लिऑन्टीसला कोणाचा शाप नाही. जे केले ते त्याने आपल्या मनाने केले. म्हणून कालिदासाचा शेवट मारीच ऋषींच्या आश्रमात आशीर्वादाने भरून येतो, आणि हर्मायनीच्या खोलीत मात्र आनंदाच्या जोडीला एक अवघडलेपण उरते. दोन्ही मला प्रिय आहेत, पण घरात वावरताना जास्त वेळा आठवतो तो दुसरा.

सायमन फोरमन नावाच्या वैद्य-ज्योतिष्याने १५ मे १६११ रोजी ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहिले आणि वहीत त्याची गोष्ट टिपून ठेवली. त्या टिपणात पुतळ्याचा उल्लेखच नाही. का नाही, याबद्दल अभ्यासकांनी बरेच तर्क केले आहेत. मला मात्र तो माणूस लिहिता लिहिता थांबला असावा असे वाटत राहते.

सुखान्तिकांमध्ये शेक्सपिअर किती वेळा हात आखडता घेतो हे एकदा लक्षात आले की मग ते सगळीकडे दिसू लागते. ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये चार जोड्या जुळत आल्या असताना एक दूत आत येतो आणि राजकन्येचे वडील वारल्याची बातमी देतो. लग्ने होत नाहीत. मुली सांगतात की बारा महिने थांबा आणि मग विचारा, आणि बिरोन या तरुणाला तर त्याच्या प्रेयसीने आजाऱ्यांच्या इस्पितळात वर्षभर राहून मरणाऱ्यांना हसवण्याचे काम दिले आहे. बारा महिने म्हणजे नाटकाच्या मानाने फार झाले, असे तो म्हणतो, आणि थोड्याच वेळात दोन गाण्यांवर नाटक संपते. ‘ट्वेल्थ नाइट’मध्ये सगळे हसत असताना अपमानित माल्व्होलिओ सूड घेण्याचे सांगून निघून जातो, आणि मागे विदूषक रोज पडणाऱ्या पावसाचे गाणे गात एकटा उरतो. त्याच गाण्याचे एक कडवे लिअरचा विदूषक वादळात गातो.

तीनशे वर्षांनी हीच ओढाताण बर्नार्ड शॉच्या वाट्याला आली, आणि या वेळी लेखक जिवंत असल्यामुळे त्याने भांडूनही पाहिले. ‘पिग्मॅलियन’च्या शेवटी फुले विकणारी एलायझा प्राध्यापक हिगिन्सला सोडून जाते, कारण त्याने शिकवलेल्या भाषेबरोबर तिच्यात स्वाभिमानही आलेला आहे. ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनला पहिला प्रयोग झाला. हिगिन्सचे काम करणाऱ्या बीरबोम ट्रीने पुढे असा पायंडा पाडला की पडदा पडता पडता एलायझाकडे फुलांचा गुच्छ फेकायचा. लेखकाच्या शब्दाला हात न लावता शेवट बदलला गेला. शॉ भयंकर संतापला, त्यावर माझ्या शेवटाने गल्ला भरतो असे ट्रीने त्याला कळवले. १९१६ साली शॉने छापील नाटकाला एक लांबलचक पुरवणी जोडली आणि एलायझा तिच्यावर प्रेम करणाऱ्या फ्रेडीशी लग्न करते, फुलांचे दुकान टाकते, हिगिन्सशी नाही, असे स्वच्छ लिहून ठेवले. तरी १९३८ च्या चित्रपटात ती हिगिन्सकडे परत आलीच. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’त एलायझाची मंजुळा केली आणि भक्ती बर्वे यांनी तिला जो आवाज दिला तो ज्यांनी ऐकला त्यांना शॉ एवढा का भांडला हे वेगळे सांगावे लागत नाही. इथे मी निःसंशय शॉच्या बाजूची आहे. आजीला धाकटी जिवंत हवी होती. हिगिन्सच्या चपला शोधून देण्यासाठी एलायझा परत यावी असे वाटणे ही अगदी वेगळी इच्छा आहे, आणि या दोघींना ‘प्रेक्षकांना गोड शेवट आवडतो’ या एकाच वाक्यात बसवणे मला अन्यायाचे वाटते.

लिअरच्या शेवटाविषयी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ती तेव्हाच कळली असती तर त्या सकाळी मी आजीशी वेगळी बोलले असते. नाटकाच्या दोन जुन्या छापील प्रती आहेत, १६०८ ची छोट्या आकाराची आणि १६२३ च्या संग्रहातली मोठ्या आकाराची. १६०८ च्या प्रतीत ‘तू आता कधीच येणार नाहीस’ असे म्हणून लिअर कुणाला तरी गळ्याजवळची गुंडी सोडायला सांगतो, त्याचे आभार मानतो आणि कण्हत जातो. १६२३ च्या प्रतीत त्या गुंडीनंतर दोन ओळी अधिक आहेत. तो म्हणतो, हे दिसते का तुम्हाला, तिच्याकडे पाहा, तिचे ओठ पाहा, पाहा तिकडे, तिकडे पाहा. आणि मरतो. त्याला काय दिसले ते नाटक सांगत नाही. समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ साली लिहिले की त्या क्षणी लिअरला ती जिवंत आहे असे वाटते आणि तो आनंदाने मरतो. अनेकांना हे पटत नाही. मला पटते.

आजी गेली ती पहाटे, घरीच, डॉक्टर येण्याआधी. काकूने तिच्या वातींच्या डब्यातला कापसाचा एक पेळू काढला, त्याचा इवलासा पुंजका तोडला आणि बाबांनी तो आजीच्या नाकाशी धरला. पंखा कोणीतरी आधीच बंद केला होता. माझ्या बाबांनी लिअरचे नावही ऐकलेले नव्हते. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि मग आमच्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘हलला. हलला बघ.’’ आम्ही सगळ्यांनी पाहिले. कोणी काही बोलले नाही. काकूने त्यांच्या हातातून तो पुंजका घेतला, पण परत डब्यात काही ठेवला नाही; खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता.